बाबांची गाडी, एकास चोवीस

आमची आत्या दातांचं काम करते. म्हणजे दात काढत नाही, घडवते. दंतवैद्य तोंडाचं माप पाठवतात आणि त्यावरून ती कवळ्या तयार करते. सत्तावीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत, सकाळी सात ते दुपारी दोन. "या शहरातले निम्मे म्हातारे माझ्या दातांनी हसतात," असं ती म्हणते, आणि समोरचा माणूस पन्नाशीच्या पुढचा असेल तर त्याच्याकडे जरा रोखून बघत म्हणते, "उरलेले निम्मे यायचेत अजून."

दुपारी तीन ते सहा मात्र ती गाड्या बनवते. छोट्या. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या. खोका आणायचा, त्यातले प्लास्टिकचे भाग चौकटीतून कापून काढायचे, घासायचे, जुळवायचे, रंगवायचे, आणि मग खोक्यात जे दिलेलंच नसतं ते आपण घालायचं. इंजिनातल्या तारा, सीटच्या शिवणी, पायाखालच्या मॅटवर चपलेनं झिजून पडलेला डाग. झोपायच्या खोलीतल्या खिडकीशी तिचं टेबल आहे. टेबलाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्याला स्वयंपाकघरातला जुना पंखा बसवून रंग फवारायची जागा केलीय. भिंतीला काचेचं कपाट. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. कुणी पाहुणा आला की ते त्याला कपाटापुढे उभं करतात आणि म्हणतात, "घरात त्रेचाळीस गाड्या आहेत, आणि मी बसनं जातो."

गावात अशा हौशी लोकांचं एक मंडळ आहे. सभासद बावीस, त्यातली बाई एकच. पहिल्या वर्षी आत्या स्वतःची गाडी घेऊन गेली तेव्हा दारातल्या माणसानं विचारलं होतं, "मिस्टरांची गाडी जमा करायला आलात का?" तेव्हापासून तिला तिथे कवळीबाई म्हणतात. सुरुवातीला पाठीमागे म्हणायचे, आता तोंडावर म्हणतात. आत्याला त्याचं काही वाटत नाही. "बाई तर बाई," ती म्हणते, "पण त्यांची बोटं थरथरतात आणि माझी थरथरत नाहीत, हे त्यांना माहीत आहे."

ही गोष्ट तिच्या चव्वेचाळिसाव्या गाडीची. आणि माझ्या बाबांची.

बाबा आत्याचे थोरले भाऊ. एकतीस वर्षं त्यांनी अँब्युलन्स चालवली, त्यातली शेवटची एकोणीस एकच गाडी. ज्या महिन्यात बाबा निवृत्त झाले त्याच महिन्यात ती गाडीही भंगारात गेली. बाबांना निरोपाचा हार मिळाला, गाडीला तोही नाही. बाबा मुळातच मितभाषी. घरी आले की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे बसत. कामावर काय झालं, कुणाला नेलं, कुठे नेलं, एक अवाक्षर नाही. आम्ही लहानपणापासून असंच पाहिलं होतं, त्यामुळे विचारायचंही सुटलं होतं.

निवृत्तीनंतर एक नवीनच सुरू झालं. रस्त्यावरून भोंगा वाजत गेला की बाबा हातातला कप खाली ठेवायचे. आवाज लांब जाईपर्यंत मान तशीच वळलेली. मग पुन्हा कप उचलायचे, पण चहा प्यायचे नाहीत.

"हे निवृत्त झालेत की नुसते उभे करून ठेवलेत, मला तर काही कळत नाही," आई म्हणायची. बोलणं थट्टेचं, पण आवाज थट्टेचा नसायचा.

एकदा आत्या आमच्याकडे आली असताना असाच भोंगा वाजला. तिनं कप खाली गेलेला पाहिला, भावाची मान पाहिली. निघताना मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले, तर दुसऱ्या पायरीवर थांबून म्हणाली, "दादाची गाडी करायची."

"तसा खोका मिळतो?" मी विचारलं.

"मिळत असता तर तुला कशाला सांगितलं असतं?"

मला सांगण्याचं कारण असं की मी छापखान्यात काम करते, संगणकावर मजकूर लावते. गाडीवरची अक्षरं तिला माझ्याकडून हवी होती. तांदळाच्या दाण्याहून लहान.

जुने फोटो शोधले तर दोनच निघाले. एक हललेला. दुसऱ्यात खात्यातली माणसं ओळीनं उभी, आणि त्यांच्या मागे अर्धी गाडी. आत्यानं कुठून कुठून चौकशी करून त्याच बनावटीच्या माल वाहायच्या गाडीचा खोका मागवला. पण अँब्युलन्स तिच्यापेक्षा साठ सेंटिमीटर लांब होती आणि छप्पर पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. म्हणजे छोट्या गाडीत पंचवीस मिलिमीटर लांबी वाढवायची आणि एकोणीस मिलिमीटर उंची.

तिनं ती नवीकोरी गाडी मधोमध कापली. दातांच्या कामातल्या, केसाएवढ्या पात्याच्या करवतीनं. मी शेजारी दिवा धरून उभी होते. मधे प्लास्टिकच्या पट्ट्या घालून तिनं दोन्ही भाग जोडले, सांध्यावर पुट्टी भरली, घासली, परत भरली, परत घासली. डोळे मिटून बोट फिरवायची आणि म्हणायची, "अजून लागतोय." छपरासाठी आधी मेणाचा साचा केला आणि मग त्यात कवळीच्या हिरडीचा माल ओतला, कारण त्या मालाचा स्वभाव तिला पाठ होता. छप्पर तयार झालं ते गुलाबीगार.

आतोबांनी चष्मा वर करून पाहिलं. "जगातली पहिली अँब्युलन्स," ते म्हणाले, "जिला हिरड्या आहेत."

हे सगळं बाबांच्या नकळत चाललं होतं. आत्या आमच्याकडे येऊन आडून आडून विचारायची. "दादा, तुझ्या गाडीला मागे खिडक्या किती होत्या रे?" बाबा म्हणायचे, "होत्या दोन." "आणि शिडी?" "असेल." इतकंच. दगडातून पाणी काढणं सोपं पडलं असतं.

सहा आठवड्यांनी गाडीवर राखाडी प्रायमरचा हात बसला. दिवे, अक्षरं काही नव्हतं, पण आकार पुरा झाला होता. आत्यानं बाबांना चहाला बोलावलं. आई आणि मीही गेलो. तिनं टेबलावरचं फडकं काढलं.

बाबा हात पाठीमागे बांधून उभे राहिले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"छान झालीय," ते म्हणाले. मग पुन्हा एकदा मागून पाहिलं. "पण ही माझी नाही."

आत्याचा चेहरा पडला. तिचा चेहरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. आईनं बाबांना कोपर मारलं, पण तोवर बोलणं होऊन गेलं होतं.

"का नाही?" आत्यानं विचारलं.

"माझी डावीकडे झुकायची."

"किती?"

"मागून बघितलं तर दोन बोटं. ऑक्सिजनची नळकांडी डाव्या अंगाला असायची ना. स्प्रिंगचे पाटे दबले होते त्या बाजूचे."

आत्यानं पेन्सिल घेतली, कागदावर भागाकार केला. "दीड मिलिमीटर," ती म्हणाली. तिनं गाडी उलटी केली, डावीकडचं मागचं चाक सोडवलं, आसाची बैठक कानशीनं घासली, चाक परत बसवलं आणि गाडी टेबलावर ठेवली. दहा मिनिटं लागली असतील. तेवढ्या वेळात कुणी खोलीतून हललं नाही.

बाबा खाली वाकले. टेबलाच्या कडेशी डोळे आणले. पाठीमागे बांधलेले हात सुटले होते.

"हं," ते म्हणाले. "आता ओळखीची वाटतेय."

दुसऱ्या दिवशी बरोबर तीनच्या ठोक्याला बाबा आत्याच्या दारात हजर. तिसऱ्या दिवशीही. मग रोजच. स्टूल ओढून टेबलाच्या डाव्या बाजूला बसायचे, आणि माझे बाबा, जे लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाण्याशिवाय काही मागत नाहीत, ते बोलायला लागले.

आत्या एखादा भाग हातात घेऊन विचारायची, "हे असंच होतं?" आणि त्या एका प्रश्नातून काय काय निघायचं. मागच्या दाराचं हँडल बाबांनी स्वतः काढून उलटं बसवलं होतं. "मूळचं खाली दाबायचं होतं," त्यांनी सांगितलं. "दोन्ही हातांत स्ट्रेचर धरलेला माणूस ते दाबणार कशानं? उलटं बसवलं की खालून कोपर घालायचं आणि उचलायचं. दार उघडतं." त्यांनी उभं राहून करून दाखवलं, हवेत स्ट्रेचर धरून. उजवं मागचं दार दुसऱ्याच एका मोडीत निघालेल्या गाडीचं होतं, म्हणून त्याचा पांढरा रंग किंचित पिवळट. आत्यानं दोन वेगळे पांढरे कालवले आणि बाबांनी पास करेपर्यंत सात वेळा पुसले.

स्ट्रेचरच्या वर, आतल्या बाजूला, एक गोल आरसा होता. दाढीचा असतो तेवढा.

"हा कशाला?" आत्यानं विचारलं. "खात्यानं दिलेला?"

"नाही, मी लावला." बाबा जरा अडखळले. "आडव्या माणसाला छताशिवाय काही दिसत नाही ग. त्याला वाटतं, आपण एकटेच चाललोय. त्या आरशात त्याला माझा चेहरा दिसायचा. मला त्याचा दिसायचा. कुणी फार घाबरलं असलं की मी मान हलवायचो नुसती. चाललोय, पोचतोय, अशी."

आत्याच्या हातातला ब्रश थांबला. आई त्या दिवशी आली होती, पलंगावर बसून भाजी निवडत होती. ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी या माणसाबरोबर राहतेय आणि मला हा आरसा आज कळतोय."

"तू कधी विचारलं नाहीस," बाबा म्हणाले.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

बाबांनी खरोखर विचार केला. "नसतं सांगितलं," ते म्हणाले, आणि दोघंही हसली.

मग पुलावरच्या कोंडीत अडकलेली गाडी आणि त्यात जन्मलेली मुलगी, हेही कळलं. बाबा पुढे, बरोबरची नर्स मागे, आणि बाळंतीण आरशातून बाबांना शिव्या देतेय की गाडी हलवा. "माझ्या सात पिढ्या उद्धरल्या तिनं," बाबा म्हणाले. "पण मुलगी रडली तेव्हा पुलावरच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. कुणाला कसं कळलं, देव जाणे."

घरातल्या प्रत्येकाचा हात त्या गाडीला लागला. आतोबांनी दुकानातल्या काचांच्या तुकड्यांतून हेडलाइटची भिंगं घासली, मसुराच्या डाळीएवढ्या. आईनं स्ट्रेचरवरचं कांबळं शिवलं. तिला वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे, लागले दोन दिवस, कारण आत्यानं ते तीनदा परत पाठवलं. "वहिनी, घडी फार जाड पडतेय, माणूस खाली सरकेल." मी अक्षरं छापली. पुढच्या बाजूची उलटी, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसतात तशी. पाण्यात भिजवून, कागदावरून सरकवून ती आत्यानं चिमट्यानं बसवली आणि श्वास सोडला. माझा तर केव्हाच अडकला होता.

फक्त एका गोष्टीवरून भावाबहिणींचं वाजलं. डाव्या मागच्या चाकाच्या वर, पत्र्याला एक पोचा होता. हललेल्या फोटोतसुद्धा दिसत होता.

"तो घालू नकोस," बाबा म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना."

आत्या हट्टी, पण त्या आवाजापुढे तिनं हट्ट केला नाही. गाडी बिनपोच्याची पुरी झाली. वार्षिक प्रदर्शन रविवारी होतं. शनिवारी दुपारी गाडी टेबलावर तयार उभी होती, दार उघडं, कांबळं घडी करून ठेवलेलं. बाबा स्टुलावर बसून कितीतरी वेळ बघत राहिले.

"पोचा राहिलाय," शेवटी तेच म्हणाले.

"तूच नको म्हणालास."

"अकरा वर्षं झाली त्याला. हॉस्पिटलच्या फाटकात घाईनं मागे घेताना खांबाला लागली. आतला माणूस सुखरूप पोचला, पण चूक माझीच होती. तशी नोंद आहे माझ्या फायलीत. एकतीस वर्षांत एक." त्यांनी गाल चोळला. "गाडीनं तो अंगावर वागवला बिचारीनं. मी तिला कोरीकरकरीत करून लोकांत उभी करू, हे काही बरं नाही. घाल तो."

आत्यानं चमच्याचा दांडा मेणबत्तीवर गरम केला, पुसला, आणि बाबांच्या हातात दिला.

"मी?" बाबा दचकले. "अग, बिघडेल."

"पोचा बिघडत नसतो, दादा. तो मुळात बिघाडच आहे. दाब."

बाबांनी श्वास धरला आणि दाबला. रंगाला जरासा तडा गेला. आत्या तो भरायला ब्रश घेणार, तेवढ्यात तिनंच स्वतःला थांबवलं. "खऱ्यालाही गेलाच असेल," ती म्हणाली.

प्रदर्शन तंत्रशाळेच्या सभागृहात होतं. लांबलचक टेबलांवर हिरवं कापड, त्यावर ऐंशीएक गाड्या. बहुतेक सगळ्या नुसत्या लकाकणाऱ्या. लाल, पिवळ्या, आरशासारख्या पॉलिशच्या. त्यांच्यामध्ये आमची पांढरी गाडी, सतरा नंबरची चिठ्ठी लावून, जराशी डावीकडे कलून उभी. लोक येत, थबकत, आत डोकावत. एका माणसानं बायकोला बोलावून आणलं, "हे बघ, आत कांबळंसुद्धा आहे!" हे ऐकून आई दोन पावलं मागे सरली आणि तिथे कुणी नसताना पदर नीट केला.

परीक्षक एक निवृत्त आरेखक होते. उंच, काटक, जन्म यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढण्यात गेलेला. गळ्यात भिंग अडकवलेलं असायचं म्हणून सगळे त्यांना भिंगसर म्हणत. माणूस निःपक्षपाती, पण त्यांच्या नजरेतून मुंगी सुटायची नाही. मंडळाचा नियम असा की बनवणाऱ्यानं परीक्षकाशी बोलायचं नाही. दुपारी बारा वाजता प्रत्येक गाडीपुढे गुणांचा कागद ठेवला गेला.

आत्यानं आमचा कागद वाचला आणि ओठ घट्ट मिटले. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. कौशल्याला भरभरून गुण होते. पण खाली 'चुका' असा रकाना होता आणि त्यात सुबक अक्षरांत लिहिलं होतं: मागच्या दाराचं हँडल उलटं बसलं आहे. गाडी डावीकडे झुकते, चाकं समपातळीत नाहीत. उजव्या दाराचा रंग जुळत नाही. रुग्णाच्या भागात अनावश्यक आरसा.

"गुण गेले त्याचं काही नाही," आत्या म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "पण चूक? ती चूक नाहीये."

बाबांनी खिशातून चष्मा काढला. कागद एकदा वाचला, परत एकदा वाचला. मग घडी घालून हातात धरला आणि भिंगसरांच्या दिशेनं चालू लागले.

मी मागे धावले. "बाबा, नियम आहे. बनवणाऱ्यानं बोलायचं नसतं."

"मग मला कशाला लागू होतोय?" बाबा न थांबता म्हणाले. "मी कुठे बनवलीय? मी चालवलीय."

भिंगसर दुसऱ्या टेबलाशी होते. बाबा त्यांच्यासमोर जाऊन ताठ उभे राहिले. "साहेब, सतरा नंबरची गाडी. एकोणीस वर्षं माझ्याकडे होती. खरी. दोन मिनिटं येता का?"

भिंगसरांनी त्यांना आपादमस्तक पाहिलं. मग म्हणाले, "चला."

आणि ज्या माणसानं घरात एकतीस वर्षं तोंड उघडलं नव्हतं, तो त्या हिरव्या टेबलापाशी उभा राहून बोलायला लागला. झुकाव का, ते सांगितलं. दार कुठून आलं, ते सांगितलं. हँडलसाठी त्यांनी शेजारच्या दोन सभासदांना स्ट्रेचरच्या दोन टोकांना उभं केलं, मधे हवा, आणि कोपर कसं घालायचं ते दाखवलं. माणसं जमली. भिंगसरांनी स्वतःही दोन्ही मुठी वळून, कोपर उचलून पाहिलं. "खरंच की," ते पुटपुटले, "खाली दाबता येणारच नाही." आरशाचं मात्र बाबा हळू आवाजात बोलले. पण तोवर सभागृहात इतकं शांत झालं होतं की टोकापर्यंत ऐकू गेलं. भिंगसरांनी भिंग डोळ्याला लावलं, मागच्या दारातून आत पाहिलं, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"याला काही पुरावा?" सरळ होत त्यांनी विचारलं. "नकाशा, फोटो? आमच्या नियमात मूळ गाडीचा दाखला लागतो."

"मी आहे ना," बाबा म्हणाले.

भिंगसर हसले. त्यांना हसताना मंडळातही फार कुणी पाहिलं नव्हतं म्हणे. "बरोबर आहे. नकाशापेक्षा बराच बोलका दाखला आहे." त्यांनी पेन काढलं, बाबांच्या हातातला कागद घेतला आणि चारही ओळी एकेक करून खोडल्या. प्रत्येक ओळीपुढे सही केली. मग म्हणाले, "एक विचारू? तो चाकाच्या वरचा पोचा फार अस्सल आहे. मी त्याला पैकीच्या पैकी दिलेत. कसा साधला?"

"तो मी केलाय," बाबा म्हणाले.

"या मॉडेलवर?"

"दोन्हीवर."

असा हशा पिकला की पलीकडच्या खोलीतून लोक काय झालं म्हणून बघायला आले. आत्या हसत होती आणि रुमालानं डोळे पुसत होती. आणि आतोबा अनोळखी लोकांना धरून धरून सांगत होते, "हेडलाइट माझे आहेत, हेडलाइट."

संध्याकाळी निकाल लागला. मोठा करंडक एका जुन्या शर्यतीच्या गाडीला गेला, आणि तो योग्यच गेला, त्या माणसानं चाकातला एकेक आरा तारेचा वळवला होता. मग अध्यक्षांनी दुसरा कागद उचलला. "मूळ खोक्यात बदल करून बनवलेल्या गाड्या. पहिला क्रमांक, आमच्या कवळीबाई!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आत्या व्यासपीठावर गेली, सन्मानचिन्ह घेतलं, आणि खाली न उतरता ध्वनिक्षेपकाची गरज नसलेल्या आवाजात म्हणाली, "दादा, वर ये."

बाबांनी मान हलवली. नको.

"ये म्हणते ना!"

आईनं त्यांना पाठीत ढकललं. बाबा निघाले ते मात्र एखाद्याच्या घरातून हाक आल्यासारखे, भराभर, कुणाकडे न बघता. वर जाऊन ते आत्याशेजारी उभे राहिले आणि काय करावं ते न कळून त्यांनी सन्मानचिन्हाची दुसरी बाजू धरली. तसाच फोटो निघाला. दोन टोकांना दोघं, मधे ते चिन्ह, जणू दोघांनी मिळून काहीतरी जड उचललंय.

त्या गर्दीत एक बाई होती, अँब्युलन्सचालकांना शिकवणाऱ्या केंद्रातली. ती बाबांचं सगळं बोलणं ऐकून गेली होती. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. नव्या चालकांपुढे बोलायला याल का, गाडी घेऊन? बाबांनी फोन हातानं झाकून आईला विचारलं, "काय सांगू?" आई म्हणाली, "जे सांगायचं ते त्यांना सांगा, मला काय विचारताय!"

मंगळवारी सकाळी आत्यानं कामावर रजा टाकली. सत्तावीस वर्षांत दातांना पहिल्यांदाच थांबावं लागलं. गाडी लाकडी खोक्यात, खोका तिच्या मांडीवर, आणि शेजारी बाबा इस्त्रीच्या शर्टात. आत्या आणि मी वर्गात मागच्या बाकावर बसलो. पुढे सोळा जण होते, त्यांत चार मुली. बाबांनी गाडी टेबलावर ठेवली, घसा खाकरला, आणि मला वाटलं, झालं, आता गुळणी धरणार.

"सुरुवात करण्याआधी," ते म्हणाले, "ती मागे बसलीय ना, ती माझी धाकटी बहीण. ही गाडी तिनं केलीय. मी एकोणीस वर्षं चालवली, पण मला एवढी दिसली नव्हती. तिला दिसली. असे हात मी दुसरे पाहिले नाहीत, आणि मी डॉक्टरांचे पुष्कळ हात पाहिलेत."

सोळाही माना मागे वळल्या. आत्या, जिच्या जिभेला कधी हाड नव्हतं, तिला शब्दच सुचेना. कानापर्यंत लाल झाली. बोटं एकमेकांत अडकवली, सोडवली. वर्ग तिच्या बोलण्याची वाट बघत थांबला होता.

"दादा," ती एकदम ओरडली, "त्या पहिल्या बाकावरच्याला सांग, गाडीला हात लावायचा नाही!"